बारीक डिझेल

माझ्या नवऱ्याचा ट्रक माझ्यासमोरून गेला आणि जाऊन थांबला तो अलकाच्या मशीनवर.

मी ट्रकांच्या मशीनपाशी उभी होते. साडीवरून पंपाचा निळा शर्ट, डोक्याला टोपी आणि टोपीखाली नाकातोंडावरून बांधलेला फडका. उन्हाळा होता आणि ट्रकांच्या बाजूला छप्पर नव्हतं. अशा अवतारात मला माझ्या आईनंही ओळखलं नसतं. नवऱ्यानं ओळखायचा तर प्रश्नच नव्हता, कारण त्याची नजर माझ्या बाजूला वळलीच नाही. दहा चाकांचं ते धूड त्यानं मोटारींच्या बाजूला, छपराच्या कडेला अगदी अलगद नेऊन लावलं. घरी आल्यावर हाच माणूस चपला दारात इतक्या जोरात भिरकावतो की एक अंगणात जाते.

"ओ सानप, ट्रक पलीकडं!" मॅनेजर केबिनमधून ओरडला. "कितींदा सांगायचं तुम्हांला? ते मोटारींचं मशीन हाये. तुम्ही लागलात की मागं रांग लागती."

"लागू द्या की मॅनेजर," माझा नवरा खाली उतरत म्हणाला. "आमची गाडी बारीक डिझेल पिती. जाड तिला पचत नाय."

पंपावरचे सगळे हसले. अलकाही हसली. मी फडक्याच्या आत दात आवळून उभी राहिले.

"झिरो बघून घ्या, उत्तमराव," अलका म्हणाली.

उत्तमराव! हे नाव मी उभ्या जन्मात दोनदा घेतलं होतं. एकदा लग्नात, एकदा डोहाळजेवणात, आणि दोन्ही वेळा उखाण्यात गुंडाळून, लाजत-मुरकत, बायकांनी दहादा म्हणायला लावलं तेव्हा. आणि ही बया ते मशीनवर, उघड्या तोंडानं, वर राव लावून घेत होती.

या बारीक डिझेलची भानगड आधी सांगायला हवी.

आमचं गाव पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला, संगमनेरच्या अलीकडं. नवरा नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचा आणि थेट रायपूरला नेऊन टाकायचा. एक खेप करून यायला आठ-दहा दिवस जायचे. एकदा असाच खेपेवरून आला आणि जेवताना मला म्हणाला, "तुला सांगतो, ट्रकला देतात ना ते डिझेल जाड असतं. मोटारींना देतात ते बारीक, गाळलेलं. नळ्याच बघ की. ट्रकची नळी मनगटाएवढी, मोटारीची अंगठ्याएवढी. मी आता बारीकच घालतो. अ‍ॅव्हरेज वाढलं."

मला पटलं. का पटू नये? पीठ जाड असतं, बारीक असतं. पोहे जाड असतात, पातळ असतात. रव्याचंही तेच. मग डिझेलच काय मोठं लागून गेलं होतं? उलट मला भूषण वाटलं. आमचा ट्रक मोटारींच्या ताटातलं खातो, हे मी शेजारणीला सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, जीप चालवणाऱ्या माझ्या भावाला तर दोनदा सांगितलं. "तू जीपला चुकूनसुद्धा जाड घालू नको," असा वर सल्लाही दिला.

मग एक दिवस रंगनाथ आला. हा नवऱ्याचा दोस्त, तोही ट्रकवाला. नवरा खेपेवर होता. रंगनाथला आमचा जॅक हवा होता. मी चहा ठेवला आणि बोलता बोलता त्यालाही म्हटलं, "भाऊजी, तुम्ही पण बारीक डिझेल घालत जा. आमच्या ह्यांचं अ‍ॅव्हरेज वाढलं."

रंगनाथला ठसका लागला. चहा बशीत सांडला.

"बारीक डिझेल?" तो म्हणाला. "वहिनी, डिझेल नाय बारीक. डिझेल भरणारी बारीक हाये."

आणि जॅक खांद्यावर टाकून हसत हसत गेला. लोक असे काडी टाकून जातात आणि मग जळतं ते दुसऱ्याचं घर.

मत्सर म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळत असेल. मला ते तव्यापाशी कळलं. त्या संध्याकाळच्या भाकरी एकूण एक करपल्या. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. खेपेला निघताना हल्ली घडीचा रुमाल लागतो. ट्रक चालवणाऱ्याला घडीचा रुमाल कशाला? पूर्वी तो घाम बाहीला पुसायचा. मानेला पावडर लागते. टाकी जाताना एकदा आणि येताना एकदा, अशी दोन हप्त्यांत भरतो. एकदम भरली असती तर दोनदा थांबायला कसं मिळालं असतं? हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी गिरणीत उभी राहून लोकांना बारीक डिझेलचे गुण सांगत होते. जळत होते ते नवऱ्यावर, पण लाज वाटत होती ती त्या गिरणीवाल्याची.

देव कधीकधी बायकांचंही ऐकतो. त्याच आठवड्यात फाट्यावर पाटी लागली: पंपावर महिला कामगार पाहिजेत, नववी पास. मी नववी पासच होते. दहावीला गणितानं घात केला होता. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नोकरीच्या निमित्तानं नवऱ्यावर राखण, असंच ना? जा. माझ्या वेळेला असा पंप असता तर मी पण गेले असते." सासरे समोरच बसले होते. ते खाली मान घालून तंबाखू मळत राहिले.

नवरा रायपूरच्या वाटेवर होता. तो परत यायच्या आत मी निळा शर्ट घातला.

मॅनेजरनं मला ट्रकांच्या मशीनवर टाकलं, कारण तिथं कुणी टिकत नव्हतं. डोक्यावर ऊन, अंगावर धूळ, आणि जाड नोझल असं वजनदार की दिवसाअखेर दंड भरून यायचा. अलकाचं मशीन छपराखाली होतं. काम शिकवायला त्यानं तिलाच माझ्याबरोबर दिलं.

मला वाटलं होतं, बाई कशी ठसकेबाज असेल, डोळे मोडणारी, वेणीत गजरा माळणारी. तशी असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण अलका पगारे म्हणजे पंचविशीची, हडकुळी, सरळ नाकाची, कमी बोलणारी पोरगी. नवरा सुरतेला कापडाच्या मागावर कामाला होता. दिवाळीला यायचा, आणि गेल्या दिवाळीला तेही जमलं नव्हतं. मला पहिल्याच दिवशी ऊन लागलं तेव्हा तिनं आपल्या बाटलीतलं लिंबू-साखरेचं पाणी मला पाजलं. मी ते प्यायले आणि मनात म्हटलं, कितीही पाज, मी विसरणार नाही.

"तुमचे मालक काय करतात, ताई?" तिनं विचारलं होतं.

"असतात बाहेरगावी," मी म्हणाले. आडनाव सानप सांगितलं तरी तिला काही कळायचं नव्हतं. आमच्याकडं दगड भिरकावला तर सानपाला लागतो.

तिनं मला नोझल धरायला शिकवलं. "हा खटका. पूर्ण दाबला की धो-धो जातं. हातानं धरून ठेवायचं नसेल तर ह्या खाचा बघा. पहिल्या खाचेत अडकवला की संथ चालतं, शेवटच्या खाचेत अडकवला की सुसाट. ट्रकला कायम शेवटची खाच. ट्रकवाल्यांना दम नसतो."

आणि एक दिवस टँकर आला. त्यानं जमिनीतल्या एका झाकणात नळी सोडली आणि ओतायला लागला. मी अलकाला विचारलं, "हे ट्रकचं का मोटारीचं?"

"काय?"

"डिझेल. जाड का बारीक?"

ती आधी माझ्याकडं बघत राहिली. मग असं हसली की तिला खांबाला धरावं लागलं. "ताई, खाली टाकी एकच हाये. तेच तिकडं येतं, तेच इकडं येतं. नळी जाड-बारीक, एवढाच फरक. ट्रकची टाकी मोठी, ती लवकर भरावी म्हणून जाड नळी." डोळे पुसत ती पुढं म्हणाली, "एक जण येतात, ते पण असंच म्हणतात. पण त्यांना ठाऊक असतं. ते मुद्दाम म्हणतात."

एक जण. मी तोंडावरचा फडका वर ओढून घेतला.

तर त्या एक जणाचा ट्रक आता माझ्यासमोर उभा होता, आणि मी बघत होते.

अलकानं नोझल टाकीत घातलं. मी तिच्या हाताकडं डोळा लावून होते. तिनं खटका दाबला आणि अडकवला तो पहिल्या खाचेत. आधीच ते मशीन जुनं, दमेकरी. त्यात पहिली खाच! नवऱ्याचं मी समजू शकत होते. पुरुषाची जात, सावली दिसली की बसते. पण ही खाच तिच्या बोटानं ठरवली होती.

नवरा टायरला टेकला आणि बोलायला लागला. आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता, पण हात दिसत होते. घरी त्याचे हात जेवायला उठतात आणि पांघरूण ओढायला उठतात. इथं ते हवेत रस्ते काढत होते, वळणं घेत होते, डोंगर उभे करत होते. मध्येच तो वाकला, दोन्ही पंजे जमिनीला लावल्यासारखे पुढं टाकले आणि मान हळूहळू वळवली. अलकाचं मशीनकडं लक्षच नव्हतं. तिनं तोंडावर हात ठेवला होता. एवढ्यात मशीन थांबलं. नवऱ्यानं त्या आकड्यांकडं असं बघितलं की जणू कुणी ताटावरून उठवलं. मग पैसे दिले, ट्रकमध्ये चढला आणि माझ्या अंगावर धुरळा उडवून घराच्या दिशेनं गेला.

अलका पाणी प्यायला माझ्या बाजूच्या माठापाशी आली. तिचे डोळे मोठे झालेले होते.

"ताई, वाघ!" ती म्हणाली.

"कुठं?"

"ते ट्रकवाले होते ना आता, त्यांना दिसला. साकोलीच्या पुढं जंगल लागतं म्हणे. ह्यांचा एकट्याचाच ट्रक. आणि वाघ येऊन रस्त्याच्या मधोमध बसला. ह्यांनी ट्रक उभा केला. पुढं जाता येईना, मागं घेता येईना. आणि वाघ बसून ह्यांच्याकडं बघतोय."

ह्यांचा, ह्यांनी, ह्यांच्याकडं. मी मोजत होते. पण मोजता मोजता तोंडातून गेलंच, "मग?"

"मग लिटर भरले," अलका म्हणाली. "ते नेहमी असंच करतात. मशीन थांबलं की गोष्ट थांबवतात. पुढचं जाताना सांगतो म्हणाले. आता परवापर्यंत माझा जीव टांगणीला."

ती आपल्या मशीनवर गेली. तिथं एक पांढरी मोटार उभी होती. काच चार बोटं खाली झाली, आतून पैशांसकट एक हात आला, आणि काच वर गेली. अलकाच्या दिवसभराच्या गिऱ्हाइकांचं मला एवढंच दिसायचं, हात.

मला वाघ सांगितला नव्हता.

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या मनात जे होतं ते चारचौघींसारखं होतं. हसणं, खिदळणं, कुणी कुणाचा हात धरला का, असलं. वाघ ऐकल्यावर ते सगळं बाजूला पडलं. हात धरला असता तरी मी एक वेळ भांडून मोकळी झाले असते. पण मरणाच्या दारातून आलेला माणूस ती गोष्ट घेऊन आधी तिच्याकडं गेला होता. माझ्या वाट्याला काय यायचं? मळलेले कपडे आणि रिकामा डबा.

पाळी संपवून घरी गेले. वाटेतच शर्ट काढून पिशवीत कोंबला. नवरा आंघोळ करून पडवीत बसला होता.

"कुठं गेली होतीस?"

"मळ्यात गेली होती," सासूबाई आतूनच म्हणाल्या.

मी वाढायला घेतलं. हात लिंबानं धुतले होते, राखेनं घासले होते, तरी मी वाटी पुढं केली तसा तो थबकला. नाक वर करून हुंगायला लागला.

"डिझेलचा वास येतोय."

"तुमचाच असंल."

त्यानं आपला धुतलेला सदरा उचलून हुंगला, मग दंड हुंगला. "आंघोळ केली तरी जात नाय बघ," म्हणाला आणि जेवायला लागला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दोन्ही गिळलं.

"खेप कशी झाली?" मी विचारलं.

"झाली."

"रस्त्यात काही विशेष?"

"विशेष काय असणार? रस्ता होता. गेलो, आलो."

"म्हणजे काही दिसलं-बिसलं? जनावर वगैरे?"

त्याचा घास एवढासा थांबला. मग त्यानं भाकरी मोडली. "कुत्री होती," तो म्हणाला.

कुत्री! मी आमटी वाढली, उठले आणि चुलीपाशी जाऊन बसले. वाघ तिला आणि कुत्री मला. बारा वर्षांच्या संसारात माझ्या पदरात कुत्री पडली होती.

दुसरा दिवस त्यानं झोपून काढला. ट्रकवाले तसेच झोपतात, देणं फेडल्यासारखे. मी पंपावर जाऊन आले. अलका दिवसभर अधूनमधून विचारात पडायची आणि म्हणायची, "ताई, तुम्हांला काय वाटतं, वाघ उठला असेल स्वतःहून?" मला काही वाटत नव्हतं. मला फक्त एक कळत होतं. उद्या तो माल भरून येईल, त्या दमेकरी मशीनवर ट्रक लावील, आणि वाघाचं पुढचं तिच्या कानात पडेल. एकदा ते तिला मिळालं की मला उष्टं मिळणार. ते मी होऊ देणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी ऊन चढता चढता ट्रक आला. मागे टोमॅटोचे क्रेट छपरापर्यंत रचलेले, वर ताडपत्री. अलकानं लांबूनच ओळखला आणि नोझल हातात घेऊन सज्ज झाली. मी माझं मशीन सोडलं, चालत गेले आणि मोटारींच्या बाजूला वळतात तिथं, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

ब्रेक करकचून लागले. क्रेट एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला.

"ओ बाई, मरायचंय का?" नवऱ्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सरका तिकडं!"

मी जागची हलले नाही. तोंडावरचा फडका खाली केला.

तो माझ्याकडं बघत राहिला. मागं घेता येत नव्हतं, कारण मागं बस येऊन थांबली होती. पुढं मी होते.

"छबे?" तो म्हणाला.

"ट्रक पलीकडं लावा."

"तू हितं काय करतीस?"

"नोकरी. ट्रक पलीकडं लावा, मागं खोळंबा होतोय."

"अगं, पण माझं ते बारीक..."

"खाली टाकी एकच हाये," मी म्हणाले.

पंपावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. मॅनेजर केबिनच्या दारात आला होता, पण ओरडायचं त्याला सुचलं नाही. अलकानं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि नोझल हळूच मशीनला अडकवलं. तिला सगळं समजलं होतं. तिच्या गालांवर रंग चढला आणि तो कशाचा होता ते मी बघत बसले नाही.

नवऱ्यानं ट्रक वळवून माझ्या मशीनला लावला. खाली उतरला. घडीचा रुमाल खिशातून अर्धा बाहेर आलेला होता, तो त्यानं आत ढकलला. मी टाकीचं झाकण उघडलं, नोझल आत घातलं आणि मशीनकडं बोट केलं.

"झिरो बघून घ्या," मी म्हणाले. "उत्तमराव."

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असतील, कारण भर उन्हात मला कानशिलं तापलेली कळत होती. उखाणा नाही, काही नाही, तिसऱ्यांदा घेतलं ते असं कोरडं. पण निळ्या शर्टात घेतलं होतं. साडीत घ्यायला मला जमलं नसतं.

मी खटका पूर्ण दाबला.

डिझेल धो-धो सुटलं. नळी हातात थरथरत होती आणि आकडे असे पळत होते की डोळा ठरत नव्हता. नवरा टायरपाशी उभा होता, पण टेकला नव्हता. बुटाच्या टोकानं माती उकरत होता. हात खिशात. मी जिंकले होते. सगळ्या पंपासमोर त्याला अलकाच्या मशीनवरून उठवून माझ्यासमोर आणून उभा केला होता. आणि आता हे आकडे पळता पळता संपणार, झाकण लागणार, तो ट्रकमध्ये चढणार, आणि आठ-दहा दिवसांनी येऊन म्हणणार, रस्ता होता, गेलो, आलो.

जाड नळीवर नवरा एवढाच मिळतो.

मी खटका सैल केला आणि पहिल्या खाचेत अडकवला.

मशीनचा आवाज उतरला. आकडे चालायला लागले, दमलेल्या म्हाताऱ्यासारखे, एकेक. नवऱ्यानं आधी मशीनकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं.

"लई वेळ लागंल असं."

"लागू द्या," मी म्हणाले. "वाघ कसा होता?"

त्याची मान पटकन अलकाच्या बाजूला वळली.

"तिकडं नाय. इकडं बघा."

"तुला कुणी..." तो म्हणाला आणि थांबला. "घरी सांगत नसतो गं आम्ही कुणी. रस्त्यावरचं रस्त्यावर ठेवायचं असतं. आमच्यात तसंच हाये, रंगनाथला विचार. पहिल्या वर्षी टायर फुटल्याचं तुला सांगितलं, तर तू देव पाण्यात घालून बसलीस. आई रडली. पुढच्या खेपेला निघालो तर चाकाला हात लावून बसलात दोघी. त्यानंतर मी घरात रस्त्याचं नाव काढलं नाय. पण पोटात किती ठेवायचं? कुठंतरी सांगावं लागतं."

"मग सांगा."

"तुला?"

"मी आता रस्त्यावरच उभी हाये."

तो माझ्याकडं बघत राहिला. टोपी, फडका, डिझेलनं काळे झालेले हात, सगळं त्यानं एकदा नीट बघितलं. मग टायरला टेकला. हात खिशातून बाहेर आले.

"साकोलीच्या पुढं रस्ता असा सरळ जातो," तो म्हणाला आणि हातानं रस्ता काढला. "दोन्ही अंगाला साग. मला वाटलं, गाय बसलीय..."

मी ऐकत होते. बारा वर्षं ज्या हातांनी भाकरी मोडली त्या हातांना इतकं काही येतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं लाइट बंद केले तर काहीच दिसेना, आणि लावले तर ते डोळे दिसत. न दिसणं जास्त वाईट, म्हणून त्यानं लावूनच ठेवले. एवढा मोठा ट्रक आपल्या हाताखाली असून आपण उंदराएवढे आहोत असं वाटलं, म्हणाला. हे सांगताना त्याचा आवाज जरा फाटला. हा फाटलेला आवाज अलकानं ऐकला नव्हता. तो नुसता माझ्या वाटणीचा होता.

मागे ट्रक लागले. एक, दोन, मग रांगच. हॉर्न वाजायला लागले.

"ओ बाई!" मॅनेजरला अखेर वाचा फुटली. "खटका पूर्ण दाबा की!"

"बिघडलाय!" मी ओरडले, आणि नवऱ्याला म्हणाले, "पुढं?"

त्यानं पुढचं सांगितलं. वाघ किती वेळ बसला, कसा उठला आणि उठून कुठं गेला, सगळं. मशीन थांबायच्या आत गोष्ट पुरी झाली. मुद्दाम पुरी केली त्यानं. झाकण मी लावलं. तो ट्रकमध्ये चढला, आरशातून एकदा बघितलं आणि गेला.

अलका पाण्याला आली तेव्हा दुपार झाली होती. तिनं माठातलं पाणी घेतलं, पण प्यायली नाही.

"मला आधी सांगायचं ना, ताई," ती म्हणाली. "माझ्या मनात काही नव्हतं. दिवसभर नुसत्या काचा बघायच्या. ते एकटेच खाली उतरून बोलायचे."

"मला माहीत हाये," मी म्हणाले. खरोखरच माहीत होतं.

ती ग्लास हातात फिरवत राहिली. "वाघाचं पुढं काय झालं?"

मला लिंबू-साखरेचं पाणी पाजणाऱ्या बाईनं एवढंच मागितलं होतं. त्याला दोन वाक्यं लागली असती. मी नोझल फडक्यानं पुसलं, नळी नीट अडकवली आणि पुढच्या ट्रकला हात केला.

"झिरो बघून घ्या," मी म्हणाले.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. नवऱ्यानं पुढं ट्रक विकला तोवर तो माझ्याच मशीनवर लावत राहिला, आणि माझ्या मशीनचा खटका त्याच्यापुरता बिघडत राहिला. घाट, पूर, पंजाबातलं धुकं, भुतं वाटलेली मेंढरं, मला सगळं मिळालं. अलका पुढं वर्षभरातच पंप सोडून सुरतेला नवऱ्याकडं गेली.

गेल्या वर्षी ती सिन्नरच्या स्टँडवर भेटली. अंगानं भरली होती, केस पांढरे, सुनेची पोरगी कडेवर. आम्ही दोघी बाकावर बसलो, पोराबाळांचं बोललो, कोण गेलं कोण राहिलं ते बोललो. तिनं त्या पोरीकडून माझ्या हातात पेढा ठेववला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती पोरीचं झबलं सारखं करत म्हणाली, "ताई, एक विचारू? राग नका मानू. तो वाघ..."

मी पिशवी उचलली.

"तुमची बस लागली वाटतं," मी म्हणाले.

बस अजून यायची होती.